छोट्या क्लबचा सपोर्टर पास: सात महिन्यांचा अनुभव

गेल्या सप्टेंबरात मी गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या एका छोट्या फुटबॉल क्लबचा सपोर्टर पास घेतला. किंमत दीड हजार रुपये. त्यात एक कार्ड, जर्सी, क्लबच्या घरच्या सामन्यांना प्रवेश, यूट्यूबवरच्या थेट प्रक्षेपणाची लिंक आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. आता एप्रिल चालू आहे. हंगाम संपला, आमचा क्लब शेवटून दुसरा आला आणि खालच्या विभागात गेला. पुढच्या वर्षी पास घ्यावा का, असं आमच्या सिंधुदुर्गातल्या शिरोडा-आरोंद्याकडची चार-पाच पोरं मला विचारतायत, म्हणून सविस्तर लिहितो. क्लबचं नाव लिहीत नाही. मला त्यांची बदनामी करायची नाही, त्यांनी सुधारावं एवढंच हवंय.

आधी माझ्याविषयी थोडं, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी शिरोड्याचा, मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. आमच्याकडे मैदान म्हटलं की टेनिस बॉल क्रिकेट. फुटबॉलचं वेड माझ्यात आलं ते बाबांकडून. तरुणपणी ते म्हापशाला कामाला होते आणि गोव्याच्या साळगावकर क्लबच्या गोलसमोर उभे असलेले गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेत. 2022 मध्ये शंखवाळकरांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा बाबांनी शेजारीपाजारी पेढे वाटले होते. आमच्या घरात गोलकीपरबद्दल बोलताना आवाज आपोआप खाली येतो.

मग मोठ्या क्लबच्या मागे का गेलो नाही? राष्ट्रीय पातळीवरची लीग 5 वेळा जिंकणारा धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी 2016 मध्ये आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेचा दर्जा खाली नेण्याच्या आराखड्याला विरोध म्हणून त्या स्पर्धेतून अंग काढून घेतलं, तेव्हा बाबा दोन दिवस नीट जेवले नव्हते. 2025 मध्ये तर एप्रिलमध्ये चर्चिल ब्रदर्सना आय-लीगचे विजेते जाहीर केलं आणि जुलैत लोझानच्या क्रीडा लवादाने इंटर काशीच्या बाजूने निकाल दिला, विजेतेपद त्यांच्याकडे गेलं. कोण बरोबर, कोण चूक यात मी पडत नाही. पण मला असं फुटबॉल हवं होतं, ज्याचा निकाल संध्याकाळी पावणेसहाला मैदानावरच लागतो आणि तो दुसऱ्या दिवशी बदलत नाही. छोट्या क्लबात ते मिळेल असं वाटलं. ते मिळालंही. बाकीचं पुढे वाचा.

जर्सीपासून सुरुवात करतो, कारण हातात पहिली तीच पडते. रंग सुंदर, कापड हलकं, घाम लवकर सुकतो. पण पाठीवरचा नंबर कापडात छापलेला नाही, इस्त्रीसारख्या मशीनने वरून चिकटवलेला आहे. चौथ्या धुण्यात 7 चा वरचा कोपरा उचलला गेला, सहाव्या धुण्यात अख्खा 7 बादलीत तरंगत होता. पावसाळ्याच्या शेवटी आमच्याकडे कपडे घरात दोरीवर दोन-दोन दिवस वाळतात, त्या दमटपणात चिकटवलेलं काही टिकत नाही. हे किनाऱ्यावरच्या क्लबला ठाऊक असायला हवं. मी तो 7 जपून ठेवलाय, त्याचं कारण शेवटी येईल.

प्रक्षेपणाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मधल्या रेषेवर एक कॅमेरा, समालोचन नाही, रिप्ले नाही, माइकवर नुसता वारा. चेंडू लांबच्या गोलकडे गेला की ठिपके दिसतात. तरी दुकानात मोटार उघडी टाकून मी अर्धे सामने असेच पाहिले, आणि एका पोराला उन्हात कॅमेऱ्यामागे दोन तास उभं करून क्लब एवढं दाखवतो याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार निरोपाबद्दल आहे. सामने बहुतेक आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारी. माझ्यासारख्याला शटर ओढून निघावं लागतं. आरोंद्यावरून किरणपाणीचा पूल, मग चोपड्याहून शापोरा नदी ओलांडून शिवोली, तिथून म्हापसा. परत येताना पेट्रोल गोव्यातच भरतो, तेवढी बचत. नोव्हेंबरात एका बुधवारी आठवीतल्या मुलीला शिकवणी बुडवायला लावून मी म्हापशातल्या धुळेरच्या मैदानावर पोहोचलो, तर फाटक बंद. आतून एक माणूस आला, म्हणाला, ‘‘आज हांगा मॅच ना.’’ सामना दोन दिवस आधीच दक्षिण गोव्यात साष्टीतल्या एका मैदानावर हलवला होता. ग्रुप उघडून पाहिला तर त्या दिवशी सकाळी कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचा फोटो होता, सामन्याबद्दल एक ओळ नव्हती. मुलगी गाडीवर मागे गप्प बसली. शिवोलीच्या पुलावर तिने विचारलं, ‘‘बाबा, तेंका आमी येतंव ह्या म्हायत नाय काय?’’

तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी नंतर ग्रुपवर लिहिलं, कुणी अंगठ्याची खूण टाकली, विषय संपला. सामने हलतात हे मला समजतं. छोट्या क्लबला स्वतःचं मैदान नाही, ज्याचं मैदान त्याची सोय आधी. पण एक ओळीचा निरोप पाठवायला प्रायोजक लागत नाही. नंतर आणखी एकदा हेच झालं, तेव्हा मी निघण्याआधी फोन करून विचारण्याची सवय लावून घेतली होती म्हणून वाचलो.

आता खेळ. मुख्य गोष्ट हीच आणि मला सगळ्यात जास्त त्रास इथेच झाला.

आमची पोरं वाईट नाहीत. कुणी हॉटेलात कामाला, कुणी कारखान्यात शिफ्टवर, एकाचं माशांचं काम पहाटे चारला सुरू होतं. आठवड्यातून तीन संध्याकाळी सराव. पहिली साठ मिनिटं ती कुणाच्याही तोडीस तोड खेळतात, मी हे भावनेच्या भरात म्हणत नाही. साठनंतर पाय जड होतात. कृत्रिम गवत दुपारच्या उन्हात तापतं, बुटाच्या तळव्यातून चटका लागतो असं त्यांच्यातलाच एक मला म्हणाला. अशा वेळी बाकावरची ताजी पोरं कामाला येतात. पाच बदलांची मुभा 2022 पासून नियमात कायमची आलीय, आमच्या स्पर्धेतही आहे. आमचे प्रशिक्षक ऐंशी मिनिटं होईपर्यंत हाताची घडी घालून उभे. मग दोन बदल. तोवर गोल खाल्लेला असतो. पहाटे चारला उठलेल्या पोराकडून नव्वद मिनिटं धाव मागायची आणि बाकावर पाच जण कोरडे बसवून ठेवायचे, हे मला हंगामभर कळलं नाही.

आणि कॉर्नर. मी दुकानाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलंय: पूर्ण हंगामात कॉर्नरवरून 9 गोल खाल्ले, त्यातले 6 फर्स्ट पोस्टवर, म्हणजे कॉर्नर मारणाऱ्याच्या जवळच्या खांबापाशी. सहाच्या सहा एकाच साच्यातले. आमचे दोन्ही उंच सेंटर-बॅक, म्हणजे मधले बचावपटू, गोलच्या मधोमध उभे. फर्स्ट पोस्टवर सगळ्यात बुटका विंगर, म्हणजे कडेने धावणारा खेळाडू. समोरचा संघ चेंडू नेमका तिथे खाली मारतो, त्यांचा एक माणूस धावत येऊन डोक्याने हलकासा स्पर्श करतो, चेंडू मागे सेकंड पोस्टला, म्हणजे लांबच्या खांबाकडे, तिथे मोकळा माणूस. पहिल्यांदा झालं तेव्हा नशीब म्हटलं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा आमच्या मागच्या पायरीवरचा चहावाला पोरगा आधीच ओरडला, ‘‘फर्स्ट पोस्ट! फर्स्ट पोस्ट बघा!’’ चहाची किटली हातात घेतलेल्या मुलाला जे दिसतं ते प्रशिक्षकांच्या डगआउटमधून का दिसू नये? हरण्याचं मला एवढं वाटत नाही, समोरचा संघ चांगला असला तर माणूस हरतो. पण तोच गोल सहा वेळा खाल्ला, याचा अर्थ सोमवारी कुणी बसून बोललंच नाही.

जानेवारीतला एक सामना मात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही. आम्ही 1-0 ने पुढे, शेवटची दहा मिनिटं. आमचा गोलकीपर एकोणीस वर्षांचा, हात मोठे, उडी छान. त्याने एक उंच चेंडू अलगद झेलला आणि वेळ काढायला छातीशी धरून उभा राहिला. रेफरीने हात वर केला, पाच बोटं. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, रेफरी बोटां कित्याक दाखयता?’’ मी सांगेपर्यंत तीन बोटं उरली होती. जुलै 2025 पासून नियम बदललाय: गोलकीपरने आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू हातात ठेवला तर समोरच्या संघाला थेट कॉर्नर, आणि शेवटचे पाच सेकंद रेफरी बोटांनी मोजून दाखवतो. पोरगा रेफरीकडे बघतच नव्हता. तो आमच्या स्टँडकडे बघत होता, आम्ही टाळ्या वाजवत होतो म्हणून. डगआउटमधून कुणी हाक मारली नाही, बचावातल्या कुणी मागे वळून सांगितलं नाही. शिटी वाजली. त्याला काय झालं तेच कळेना, तो फ्री-किकसाठी चेंडू ठेवायला निघाला. कॉर्नर झाला, फर्स्ट पोस्ट, 1-1.

सामना संपल्यावर तो पोस्टला पाठ टेकून बसला होता, हातमोजे दातांनी ओढून काढत. कुणीही त्याच्याजवळ गेलं नाही. घरी बाबांना सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘गोलकीपराचा अर्धा काम तोंडान असता. तेका कोणी शिकवूकच नाय.’’ नियम नवा होता, तो पोराला सांगणं मोठ्यांचं काम होतं.

मग मी सात महिने का जात राहिलो? आमच्या पायरीवरच्या माणसांमुळे. पेडण्याचे एक आजोबा येतात, काळी छत्री घेऊन, ऊन असो की पाऊस. खेळाडूंना ते त्यांच्या बापाच्या नावाने हाक मारतात, कारण बापांनाही त्यांनी खेळताना पाहिलंय. प्रत्येक पराभवानंतर छत्री मिटतात, ‘‘फुडल्या फावटी पळोवया’’ (पुढच्या वेळी बघू) म्हणतात आणि बसस्टँडकडे चालू लागतात. हंगामात त्यांनी कुणाला शिवी दिल्याचं मी ऐकलं नाही. सामना संपला की म्हापशात भाजीपाव, त्यावर अर्धा तास चर्चा, आणि अंधार पडताना पुन्हा किरणपाणी. जत्रांच्या दिवसांत मित्र दशावताराला बोलवायचे, मी दोनदा हरलेला सामना पाहून तसाच जर्सीवर नाटकाला जाऊन बसलोय. मुलीला ऑफसाइड आता माझ्यापेक्षा नीट कळतो. हे दीड हजारात मिळालं, आणि याचं मोल मी कमी धरत नाही.

शेवटचा सामना मार्चअखेरीस. जिंकलो असतो तर वाचलो असतो. त्या दिवशी पहिल्याच कॉर्नरला मी उभा राहिलो, कारण फर्स्ट पोस्टवर उंच सेंटर-बॅक होता. बुटका विंगर बाहेर, पुढच्या धावेसाठी मोकळा. आजोबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. चेंडू आला, आमच्या माणसाने डोक्याने थेट मधल्या रेषेपर्यंत उडवला. असे त्या दिवशी आठ कॉर्नर आले आणि एकही आत गेला नाही. गोलकीपर प्रत्येक वेळी ओरडून माणसं लावत होता. सामना 0-0 सुटला, आम्ही खाली गेलो. मला रडू आलं ते खाली गेल्याचं नव्हतं. हे इतकं सोपं होतं, हे ऑक्टोबरात करता आलं असतं, आणि त्या सहातले तीन गोल जरी वाचले असते तरी आज आम्ही वरच असतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी वहीतलं ते पान, सामना बदलल्याच्या दोन्ही तारखा आणि सुटलेला 7 असं एका पाकिटात घालून क्लबच्या सचिवांना नेऊन दिलं. त्यांनी पान उभ्याउभ्या पूर्ण वाचलं. म्हणाले, पुढच्या वर्षी निरोपाचं काम एकाच माणसाकडे देऊ, आणि तो गोलकीपर राहणार आहे. 7 त्यांनी परत दिला नाही, जर्सीवाल्याला दाखवायला ठेवून घेतला.

मी पुढचा पास घेणार आहे, बाबांसाठीही एक. खालच्या विभागातले सामने वेगवेगळ्या गावांतल्या मैदानांवर होतील, बाबांना पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. पोरांनो, तुम्ही घेणार असाल तर निघण्याआधी फोन करून मैदान विचारा, दुपारी दोनच्या आत किरणपाणीचा पूल ओलांडा, आणि जर्सी एक माप मोठी मागा, खांद्यात आवळते.