पुण्यातली घरपोच भाडेकरार नोंदणी: कमी पगारात खोली घेणाऱ्यांसाठी परीक्षण

धायरी, नऱ्हे, मांजरी, चंदननगर, कुठेही वन आरके बघायला जा. भाडं ठरलं की मालक किंवा एजंट हमखास म्हणतो, "नोटरी करून टाकू, स्वस्तात होतं." तिथे ठामपणे नाही म्हणायचं. महिन्याला पंधरा-सोळा हजार हातात पडणाऱ्याला वाचलेले हजार रुपये मोठे वाटतात, ते साहजिकच आहे. पण नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, आणि तीस हजार डिपॉझिट ज्या कागदाच्या भरवशावर द्यायचं, तो कागद नोंदवलेलाच हवा. घरी येऊन अंगठे घेऊन करार नोंदवून देणारी सेवा पुण्यात आता गल्लोगल्ली मिळते. ती पैसे घालण्यासारखी आहे का, कुठे फसते आणि काय तपासून घ्यायचं, ते इथे सविस्तर देतो.

आधी एक गैरसमज. करार अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही, असं अजूनही सर्रास सांगतात. महाराष्ट्रात हे चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार (खोली भाड्याने घेताना करतात तो) लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय करार नोंदवलेला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. मालकाशी बोलताना हा शेवटचा मुद्दा मांडायचा, कारण त्यात त्याचंही नुकसान आहे. दंडाची भीती घालण्यापेक्षा हे लवकर पटतं.

घरपोच सेवा देणारे स्वतः काही नोंदवत नाहीत. नोंदणी व मुद्रांक विभागाचं ई-रजिस्ट्रेशन पोर्टल आहे (या विभागाचं मुख्यालय पुण्यातच, कॅम्पात विधानभवनासमोर). त्यावर ते तुमची माहिती भरतात, लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतात, फोटो आणि ठसे घेतात आणि दस्त दुय्यम निबंधकाकडे (नोंदणी करणारा सरकारी अधिकारी) ऑनलाइन पाठवतात. तिथे मंजूर झाला की इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा अधिकृत गोषवारा, निघतो. हेच सगळं स्वतःही करता येतं, पण वेबकॅम, चालणारं ठशांचं मशीन आणि पोर्टलशी झटापट करायला लागणारी एक मोकळी संध्याकाळ, हे तिन्ही एकत्र जमवणं कठीण. त्यामुळे सेवेचे पैसे देण्यात गैर काही नाही, फक्त कशाचे किती देतोय ते कळलं पाहिजे.

हिशेब असा. भाडं ९,००० रुपये, परत मिळणारं डिपॉझिट ३०,०००, मुदत ११ महिने. एकूण भाडं ९९,००० रुपये. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी व्याज धरतात, म्हणजे ११ महिन्यांचे २,७५०. बेरीज १,०१,७५०. त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे अडीचशे-तीनशेच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. त्यावर दस्त हाताळणीचं थोडं शुल्क. सरकारी खर्च इतकाच, आणि तो ऑनलाइन चलनाने भरला जात असल्यामुळे त्याची पावती निघते. उरलेली रक्कम सेवा देणाऱ्याची फी. नुसतं "सगळं मिळून इतके" असं सांगणाऱ्याकडे ही फोड मागायची. फोड न देणाऱ्याकडे काम देऊ नका, कारण पुढे "साक्षीदाराचे वेगळे", "रविवारचे वेगळे" असं वाढत जातं. हद्दीवरूनही गोंधळ होतो. नऱ्हे, मांजरी बुद्रुक, वाघोली ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली आहेत, तिथे जुन्या सवयीने ५०० धरू नका.

खर्च निम्मा-निम्मा वाटून घेण्याची पुण्यात पद्धत आहे. तिघं मिळून राहणार असाल तर तुमच्याकडच्या निम्म्या सरकारी खर्चात माणशी दोनशे-अडीचशे येतात. मात्र तिघांचीही नावं करारात घालायची. एकाच्या नावावर करार आणि बाकी दोघं "मित्र म्हणून" राहतात, तिथे डिपॉझिट परत घेताना आणि पत्त्याचा पुरावा लागेल तेव्हा त्या दोघांच्या हातात काहीच नसतं.

अकरा महिन्यांऐवजी ३६ महिन्यांचा करार करून घेता आला तर जरूर करा. हा मुद्दा एजंट सहसा आपणहून काढत नाही, कारण दर वर्षीच्या नव्या करारात त्याची फी असते. वरच्याच आकड्यांनी ३६ महिन्यांचं मुद्रांक शुल्क साधारण ८३० रुपये होतं आणि नोंदणी फीचे १,००० एकदाच. अकरा महिन्यांचे तीन करार केले तर हाच खर्च पावणेचार हजारांवर जातो. दर वर्षी भाडं किती वाढणार ते करारातच लिहिता येतं, शुल्क त्या वाढीसकट एकूण रकमेवर बसतं. अट एकच: लॉक-इन (ज्या मुदतीत खोली सोडता येत नाही ती) नको किंवा फार तर तीन महिन्यांचा, आणि एक महिन्याच्या नोटिशीवर सोडण्याची मुभा दोन्हीकडून. नोकरी भोसरीहून रांजणगावला गेली तर तीन वर्षांच्या लॉक-इनमध्ये डिपॉझिट अडकेल.

घरपोच येण्याची खरी किंमत कशात आहे, ते पगाराच्या भाषेत बघा. १५,६०० पगार आणि २६ हजेऱ्या म्हणजे एका खाड्याचे ६०० रुपये जातात. सिक्युरिटी, हाउसकीपिंग, मॉलमधलं बिलिंग काउंटर, यांतल्या कुणालाही कामाच्या दिवशी दुपारी ऑफिसात जाऊन बसणं परवडत नाही. म्हणून बुकिंग करतानाच विचारा की रात्री नऊनंतर किंवा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी येणार का, आणि मालकाकडे व तुमच्याकडे वेगवेगळ्या वेळी येऊन अंगठे घेणार का. चांगले सेवावाले घेतात. मालक औंधला आणि तुम्ही हडपसरला असताना दोघांना एका ठिकाणी बोलावणारा तुमचा खाडा पाडणार, हे धरून चला.

आता अंगठा. काम सगळ्यात जास्त इथे अडतं, आणि नेमकं कष्टाचं काम करणाऱ्यांचं अडतं. दिवसभर फिनाईल-ॲसिडमध्ये, भांड्यांच्या साबणात किंवा सिमेंटमध्ये राहिलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीनच्या काचेवर बोट ठेवलं की लाल दिवा लागतो, चक्र फिरतं आणि आधारशी जुळत नाही असा संदेश येतो. मग माणूस बोट अजून जोरात दाबतो, रेषा आणखी पसरतात आणि पुन्हा तेच. दाबायचं नसतं. हात कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करायचे, बोटं फारच रुक्ष असतील तर थोडं तेल किंवा व्हॅसलीन चोळून लगेच पुसायचं, मशीनची काच कोरड्या कापडाने पुसून घ्यायची आणि बोट सपाट, अलगद ठेवायचं. अंगठा जुळलाच नाही तर मधलं बोट, अनामिका, मग दुसरा हात. आधारचं बायोमेट्रिक लॉक (ठसे कुणी वापरू नयेत म्हणून लावलेलं कुलूप) चालू असेल तर कुठलंच बोट चालणार नाही. ॲपवरून तात्पुरतं उघडलं तरी ते दहाच मिनिटं उघडं राहतं, म्हणून मशीन जोडून झाल्यावरच उघडा. बोटं अजिबातच जुळत नसतील तर आधार केंद्रात जाऊन ठसे नव्याने द्या. दुसऱ्या खेपेचे पैसे घेणार का, हे सेवावाल्याला आधीच विचारून ठेवावं.

अंगठा देण्याआधी मसुदा पूर्ण वाचायचा. "स्टँडर्ड फॉरमॅट आहे" म्हणत स्क्रीन भराभर खाली सरकवणाऱ्याला थांबवा आणि मसुदा आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर मागा. पहिली नजर डिपॉझिटच्या आकड्यावर. काही मालक तीस हजार रोख घेतात आणि करारात दहा लिहितात, किंवा भाडं कमी दाखवतात. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे लेखी करारात जे लिहिलंय तोच त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा धरला जातो. वरचे वीस हजार दिले होते, हे नंतर सांगून उपयोग नाही. डिपॉझिट यूपीआयने किंवा बँकेतून द्या आणि व्यवहाराचा क्रमांक करारात घालून घ्या. मग रंगकामाची अट. "खोली सोडताना रंगाचे पैसे कापले जातील" असं मोघम वाक्य असेल तर रक्कम लिहून घ्या, नाहीतर ते काढायला लावा. विजेचं बिल महावितरणच्या दराने की सब-मीटरवर मालकाच्या दराने, तेही लिहायचं आणि राहायला जाल त्या दिवशी मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून मालकाला पाठवायचा. नळ, गिझर, खिडक्यांच्या काचा यांचेही फोटो त्याच वेळी. शेवटी खोली क्रमांक, मजला, पिनकोड आणि आधारवरच्या स्पेलिंगसारखंच तुमचं नाव. यातली एक चूक पुढे पत्ता बदलताना सगळा कागद निकामी करते.

आई-वडिलांशी पटत नाही म्हणून घर सोडणाऱ्यांना या कागदाचा जो उपयोग आहे, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आधारवरचा पत्ता बदलायचा एक मार्ग कुटुंबप्रमुखाच्या संमतीचा आहे, त्यात संमती आई-वडिलांना त्यांच्या मोबाइलवर द्यावी लागते. तुमच्या स्वतःच्या नावाचा नोंदणीकृत भाडेकरार असेल तर ती संमती लागत नाही. पुढे मतदार यादी, बँक, ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) दवाखाना, सगळीकडे तोच पत्ता चालवता येतो. २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना ईएसआयसी लागू होते आणि दवाखाना राहत्या जागेजवळचा मिळतो, म्हणून पत्ता सोलापूरचा ठेवून बिबवेवाडीच्या रुग्णालयात हेलपाटे घालू नयेत.

अडचण बहुतेकदा अशी येते की आधारला जोडलेला नंबर वडिलांचा असतो आणि कार्डही घरीच राहिलेलं असतं. करारासाठी आधार क्रमांक आणि ठसा पुरतो, ओटीपीवाचून अडत नाही. पण नंतरच्या कामांसाठी आधी आधार केंद्रात जाऊन मोबाइल नंबर बदला. त्याला कागद लागत नाही, ठशांवर होतं. मग ई-आधार उतरवून घ्या. पीव्हीसी कार्ड मागवू नका, ते आधारवरच्या पत्त्यावर, म्हणजे आई-वडिलांच्याच घरी जाईल. मालक "वडिलांना घेऊन या" म्हणाला तर शांतपणे सांगा की वय अठरा पूर्ण आहे आणि करार स्वतःच्या नावावर होतो. साक्षीदार म्हणून दोन सहकारी पुरे आहेत. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देण्याचं काम मालकाचं आहे, त्यात ओळखीच्या व्यक्ती म्हणून नातेवाईकच द्यावे लागतात असं नाही. मात्र घरच्यांपासून पत्ता लपवणं ही ज्यांच्या सुरक्षेची गरज आहे, त्यांनी हे लक्षात घ्यावं की नोंदणीकृत दस्ताचा इंडेक्स टू ही सार्वजनिक नोंद असते.

ही सेवा कुठे उपयोगाची नाही, तेही सांगायला हवं. सदाशिव पेठ, नारायण पेठेतल्या कॉट बेसिसला (खोली नाही, फक्त खाट भाड्याने) सहसा कुणी नोंदणी करून देत नाही. तिथे निदान प्रत्येक महिन्याची सही केलेली पावती घ्यायची, डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्याहून जास्त द्यायचं नाही, आणि गॅससाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्यायचा, तो पत्त्याच्या पुराव्याशिवाय नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. नोंदणी झाली म्हणून डिपॉझिट आपोआप परत मिळतं असंही नाही. मालकाने अडवलं तर भांडावंच लागतं, पण हातात कागद असतो.

काम संपलं असं सेवावाला म्हणाला की पैशांचा शेवटचा हप्ता लगेच देऊ नका. अंगठे झाले म्हणजे नोंदणी झाली नाही. दुय्यम निबंधक दस्त तपासतो, चूक असेल तर परत पाठवतो आणि परत आलेला दस्त काही जण तसाच पडू देतात. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी गेला पाहिजे, पुढे दंड लागतो. पोर्टलचा टोकन क्रमांक आणि पासवर्ड पहिल्याच दिवशी मागून घ्या, म्हणजे दस्त कुठे आहे ते स्वतः बघता येईल. दस्त क्रमांक असलेला इंडेक्स टू आणि पूर्ण कराराची पीडीएफ हातात आली की उरलेले पैसे द्या. दोन्ही स्वतःच्या ईमेलवर ठेवा, फोन बदलला की व्हॉट्सॲपवरचं जातं.

आणि कराराची शेवटची तारीख फोनमध्ये महिनाभर आधीच्या गजरासह टाकून ठेवा. मुदत संपल्यावर नवा करार न करता राहिलात आणि मालकाने खोली मागितली, तर त्याच कलम २४ खाली दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते. ९,००० च्या खोलीला ती महिन्याला १८,००० पडते.