हजार फ्रेम सांगून अडीचशेचा कॅमेरा गळ्यात मारला

हाय-स्पीड कॅमेरा, म्हणजे सेकंदाला शेकडो फ्रेम (चित्रं) काढून झटपट हालचाल संथ करून दाखवणारा कॅमेरा, सेकंडहँड घेण्याचा विचार कोणी करत असेल, तर पैसे देण्याआधी माझं हे एवढं वाचून घ्या. माझे १,६५,००० रुपये गेले. वर दुरुस्तीच्या नावाखाली आणखी २०,५०० गेले. आणि एका जुन्या गिऱ्हाइकाचा विश्वास जाता जाता राहिला, त्याची झोंबणी पैशांपेक्षा जास्त आहे.

मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत पाउच पॅकिंग मशीन दुरुस्त करतो. बावीस वर्षं झाली. तिखट, हळद, सुपारी, बडीशेप असल्या मालाच्या छोट्या पुड्या भरणारी मशीन. यात बिघाड शोधणं अवघड असतं, कारण जे घडतं ते डोळ्याला दिसत नाही. मिनिटाला ७० पाउच निघत असतील, तर एका पाउचला ८५७ मिलिसेकंद मिळतात. त्यात जॉ (सील करणारा गरम जबडा) बंद होतो, सील बसतं, पाउचची फिल्म ओढली जाते, कटर खाली येतो. फिल्मला बसणारा झटका तर तीन-चार मिलिसेकंदांचाच असतो. मोबाइलच्या साध्या व्हिडिओत दोन फ्रेममध्ये ३३ मिलिसेकंदांचं अंतर असतं, म्हणजे झटका मधल्या मध्ये निघून जातो.

आधी मी एका मित्राचा कॅसिओचा ईएक्स-एफ१ मागून आणायचो. २००८ साली आलेला कॅमेरा, सेकंदाला १२०० फ्रेम काढतो, पण त्या वेगाला चित्र उरतं फक्त ३३६ बाय ९६ पिक्सेलचं. जॉचा एक कोपरा पाहायला घेतला की कटर चौकटीबाहेर. या कॅमेऱ्यांचं असंच असतं: वेग वाढवला की चित्र आक्रसतं. म्हणून १२८० बाय १०२४ चित्र आणि सेकंदाला हजार फ्रेम देणारा इंडस्ट्रियल कॅमेरा एका लॅबमधून निघालाय, असं ओळखीतून कळलं तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी सदर भागात त्या माणसाच्या ऑफिसात पोहोचलो.

माणूस बोलायला गोड. चहा आला, "भाऊ, तुम्ही काम करणारे माणूस आहात, तुम्हाला मी खराब वस्तू देईन काय?" असं म्हणाला. पाणी भरलेला फुगा खिडकीजवळ टांगला, टाचणी लावली. थोड्या वेळाने लॅपटॉपवर फुग्याचं रबर मागे सरकताना आणि पाणी तसंच हवेत उभं राहिलेलं दिसलं. मी पाहतच राहिलो.

तेव्हा जे खटकायला हवं होतं ते सांगतो. शूटिंगआधी त्याने खोलीतली ट्यूबलाइट बंद केली. "फ्लिकर येते भाऊ, व्हिडिओ खराब दिसते." हे खरंच आहे, विजेच्या बऱ्याच दिव्यांच्या उजेडात हजार फ्रेमला लुकलुक दिसते. म्हणून मला संशय आला नाही. दुसरं, कॅमेऱ्याला स्वतःचा स्क्रीन नव्हता. सगळं त्याच्या लॅपटॉपवरून, त्याने दिलेल्या सॉफ्टवेअरमधून. कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल आधी त्या सॉफ्टवेअरमधून 'कन्व्हर्ट' करायची आणि मगच पाहायची. तिसरं, पक्कं बिल नाही. एका चिठ्ठीवर मॉडेलचं नाव आणि रक्कम. मी ६५,००० रोख दिले, १,००,००० बँकेतून पाठवले. आता वाटतं, निदान ते लाखभर तरी बँकेतून गेले म्हणून आज पुरावा आहे.

आठवड्याभरात कळमन्याकडच्या एका तिखटाच्या कारखान्यातून फोन आला. दर पंधरा-वीस पाउचमागे एक पाउच सीलच्या कडेला फाटत होता. कॅमेरा घेऊन गेलो, दोन लाइट लावले, कटरवर फोकस केला. व्हिडिओत स्पष्ट दिसलं की जॉ पूर्ण बंद होण्याआधीच कटरचं पातं फिल्मला टेकतंय. पातं जरा धूसर दिसत होतं, पण जागा दिसत होती. मी म्हटलं, सापडलं. मेन शाफ्टचा एक फेरा ८५७ मिलिसेकंदांचा, म्हणजे १ अंश साधारण २.४ मिलिसेकंदांचा. कटरचा कॅम, म्हणजे पातं कधी खाली येणार ते ठरवणारी चकती, दीड अंश मागे घेतला.

मशीन सुरू केलं आणि हाहाकार झाला. आता कट सीलवरच पडायला लागला. पाउच उघडेच बाहेर येत होते, तिखट सगळीकडे उडालं. भरणाऱ्या बाया खोकत बाहेर पळाल्या, एकीच्या डोळ्यात गेलं, तिला नळाखाली उभं केलं. मी पुन्हा व्हिडिओ काढला, पुन्हा कॅम हलवला. तीन रात्री गेल्या, फिल्मचे दोन रोल वाया गेले. मालक वयस्कर, मला पंधरा वर्षांपासून ओळखतात. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुमच्या हातानं असं कधी झालं नव्हतं." शेवटी कॅम जुन्या खुणेवर आणून ठेवला आणि मान खाली घालून घरी आलो.

विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर तयारच. आधी म्हणाला उजेड कमी पडतोय. यातही तथ्य असतं, कारण हजार फ्रेमला एका फ्रेमच्या वाट्याला जास्तीत जास्त १ मिलिसेकंद उजेड येतो. मग म्हणाला, "सेन्सरचं ब्लॅक कॅलिब्रेशन करावं लागते, घेऊन या." मे महिना होता. चित्रात पांढरे ठिपके येतच होते, मला पटलं. त्याने कॅमेरा दोन दिवस ठेवून घेतला आणि ६,५०० रुपये घेतले. नंतर मला कळलं की ब्लॅक कॅलिब्रेशन म्हणजे कॅमेरा पुरेसा तापू द्यायचा, लेन्सला झाकण लावायचं आणि सॉफ्टवेअरमधलं एक बटण दाबायचं. काळोखात सेन्सर जे खोटे ठिपके दाखवतो ते कॅमेरा लक्षात ठेवतो आणि पुढच्या चित्रातून वजा करतो. सेन्सर तापला की ठिपके वाढतात, म्हणून नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली हे दिवसातून तीन-चारदा आपणच करायचं असतं. याचे कोणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.

तरी धूसरपणा गेला नाही. मग 'सॉफ्टवेअरचं पूर्ण लायसन्स' म्हणून १४,००० घेतले. त्यानंतर त्याने फोन उचलणं कमी केलं.

उलगडा घरीच झाला. पुतणी बी.एस्सी.ला आहे, विषय फिजिक्स. ती व्हिडिओ फ्रेम-फ्रेम पुढे सरकवत होती. म्हणाली, "काका, हे पातं धूसर नाही, दोन पाती आहेत. एक वरचं, एक खालचं, एकमेकांवर फिकट छापल्यासारखी." मी आधी चेंडूवर तपासणी केली होती. १२२.५ सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदात खाली येतो, म्हणजे ५०० फ्रेम भरायला हव्यात. भरत होत्या. त्या भरवशावर मी निर्धास्त होतो. पण फ्रेम मोजून काही सिद्ध होत नाही, कारण खोट्या फ्रेमही मोजणीत येतातच.

मग तिने ट्यूबलाइट सुचवली. घरमालकाच्या जिन्यात जुन्या कॉपर चोकची एक ट्यूब अजून आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. खऱ्या हजार फ्रेममध्ये प्रत्येक चढउताराला बरोबर १० फ्रेम यायला हव्यात आणि सगळे चढउतार सारखे दिसायला हवेत. इलेक्ट्रॉनिक चोक किंवा चांगला एलईडी यासाठी चालत नाही, त्यांच्यात ही लुकलुक जवळपास नसतेच. आम्ही पांढऱ्या भिंतीवर पडलेला ट्यूबचा उजेड शूट केला, ६० फ्रेमचा उजळपणा एकेक करून कॉम्प्युटरवर मोजला आणि तिने तो आलेखाच्या कागदावर मांडला. गोलसर सारख्या टेकड्या यायच्या ऐवजी सरळ रेघांचे कोन आले. एक खड्डा खोल, त्याच्या शेजारचा उथळ. आणि रेघ वळत होती ती नेमकी दर चौथ्या फ्रेमला. म्हणजे चारातली एकच फ्रेम खरी. मधल्या तीन त्या सॉफ्टवेअरने मागची आणि पुढची मिसळून बनवलेल्या.

कॅमेरा २५० फ्रेमचाच होता. फुग्याच्या वेळी ट्यूब का बंद केली, तेही त्या जिन्यात उमगलं.

आणि कळमन्याला मला दिसलेलं ते पातं? पातं वर असलेली एक खरी फ्रेम, पातं खाली असलेली पुढची खरी फ्रेम, मध्ये ४ मिलिसेकंद. त्या मधल्या काळात काय झालं हे कॅमेऱ्याने पाहिलंच नव्हतं. सॉफ्टवेअरने दोन्ही मिसळून जॉ अर्धवट उघडा आणि पातं फिल्मवर असं चित्र रचलं. जे कधी घडलंच नव्हतं, ते पाहून मी नीट बसलेला कॅम हलवला. याचा राग मला अजून येतो. कारण करमणुकीच्या व्हिडिओत रचलेल्या फ्रेम कोणाला त्रास देत नाहीत, पण बिघाड शोधायला आणलेल्या कॅमेऱ्यात त्या थेट माणसाच्या हाताला आणि डोळ्याला इजा करू शकतात. त्या बाईच्या डोळ्याचं थोडक्यात निभावलं.

यापेक्षाही सोपी एक तपासणी होती, ती मला पहिल्याच दिवशी करता आली असती. १२८० बाय १०२४ म्हणजे १३ लाख १० हजार ७२० पिक्सेल. एका पिक्सेलला एक बाइट धरला तर एक फ्रेम १.३१ एमबीची, आणि हजार फ्रेमचा एक सेकंद साधारण १.३ जीबीचा. माझ्या कॅमेऱ्यातून येणारी दोन सेकंदांची मूळ, न दाबलेली फाइल ६५५ एमबीची होती. ती २.६ जीबीची असायला हवी. बरोबर चौथा हिस्सा. म्हणून सांगतो, कन्व्हर्ट झालेला व्हिडिओ पाहू नका, मूळ फाइल स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घ्या, साइझ पाहा आणि कागदावर गुणाकार करा. विकणारा मूळ फाइल देत नसेल तर उठून या.

मग मी कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीला मागच्या पट्टीवरचा सिरीयल नंबर मेलवर पाठवला. तिचा यात काही दोष नाही, म्हणून नाव लिहीत नाही. चार दिवसांत उत्तर आलं: हा नंबर आमच्या खालच्या मॉडेलचा आहे, पूर्ण चित्राला कमाल वेग २५०. हा मेल मी खरेदीआधी पाठवला असता तर एक रुपयाही खर्च आला नसता.

पोलिस ठाण्यात लेखी तक्रार दिली आहे. वकिलांनी सांगितलं की धंद्यासाठी घेतलेली वस्तू एरवी ग्राहक कायद्यात बसत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर २०१९ च्या कायद्यात त्याला जागा आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. ती कागदपत्रं तयार होताहेत.

कळमन्याचं काम मी पूर्ण केलं. एका दिवसासाठी भाड्याने कॅमेरा आणला, घ्यायच्या आधी तो जिन्यातल्या ट्यूबखाली धरला, दहा-दहा फ्रेमच्या सारख्या टेकड्या आल्या तेव्हाच गाडीत ठेवला. बिघाड कटरमध्ये नव्हताच. फिल्मचा ताण सांभाळणाऱ्या डान्सर रोलरचं एक बेअरिंग अधूनमधून अडकत होतं, फिल्म ढिली पडून ३ मिलिसेकंदांत झटका खात होती. बेअरिंग बदललं. दोन रोलचे पैसे मी बिलातून वजा केले. मालक नको म्हणत होते, तरी केले.

तो कॅमेरा आता कपाटात आहे. मॉडेलच्या पट्टीचा एक कोपरा सुटलाय आणि खाली दुसरी, मूळ पट्टी दिसते. पुतणी ती ओढून पाहायला निघाली होती, मी थांबवलं. फोटो काढून घेतलेत, आणि पट्टी तपासणीसाठी आहे तशीच ठेवली आहे.