गेटिसबर्ग रणभूमी : परवानाधारक मार्गदर्शकासोबत दोन तास

अमेरिकेच्या यादवी युद्धातली (गुलामी टिकवू पाहणारी दक्षिणेची राज्ये विरुद्ध उत्तरेची) गेटिसबर्गची लढाई १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत झाली आणि दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१,००० सैनिक मृत, जखमी, कैद किंवा बेपत्ता झाले, एवढी माहिती घेऊन मी पेन्सिल्व्हेनियातील या गावी पोहोचलो होतो. पहिल्या दिवशी एका कंपनीचे ॲप लावून फिरलो. गाडी एका वळणावर आणि निवेदन भलत्याच टेकडीवर, असा प्रकार झाल्याने दुसऱ्या दिवशी परवानाधारक मार्गदर्शक घेतला.

परवान्याची ही पद्धत १९१५ पासून चालत आली आहे आणि लेखी व तोंडी परीक्षा दिल्याशिवाय परवाना मिळत नाही. मार्गदर्शक पर्यटकाचीच गाडी चालवतो, त्यामुळे आपल्याला निवांत बाहेर पाहता येते.

खरा कस लागला तो दक्षिणेचा जनरल पिकेट याच्या चढाईच्या मैदानावर. (चढाईत पेटिग्रू आणि ट्रिंबल यांच्याही तुकड्या होत्या, पण नाव एकट्या पिकेटचे झाले.) ३ जुलैला दुपारी दीर्घकाळ तोफांचा भडिमार करून दक्षिणेचे सुमारे १२,५०० सैनिक जवळजवळ मैलभर उघड्या रानातून निघाले. नकाशावर हे रान सपाट दिसते आणि दक्षिणेचा सेनापती जनरल ली याने असा हुकूम दिलाच कसा, हे कळत नाही. मार्गदर्शकांनी काही न बोलता मला व्हर्जिनियाच्या स्मारकापासून शे-दोनशे पावले खाली चालायला लावले. समोरच्या सेमेटरी रिज या उत्तरेच्या फौजेने धरलेल्या उंचवट्यावरचा झाडांचा पुंजका, जिकडे रोख धरून सैनिक चालले होते, हळूहळू बुडाला आणि दिसेनासा झाला. जमिनीत अशा सखल पट्ट्या आहेत, त्यांत माणसे काही काळ झाकली जात. पुढे एमिट्सबर्ग रस्त्याची कुंपणे ओलांडताना मात्र आडोसा उरला नाही, आणि निम्म्याहून अधिक माणसे कामी आली, घायाळ झाली किंवा पकडली गेली.

लिटल राउंड टॉप या टेकडीवर ती राखणाऱ्या उत्तरेच्या विसाव्या मेन पलटणीची (मेन हे राज्य) कथा रंगून सांगितली गेली. ती बहुतेकांना ठाऊक असते.

त्याच सेमेटरी रिजवर एब्राहम ब्रायन या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याचे छोटे पांढरे घर आहे. लीच्या फौजेने पेन्सिल्व्हेनियातून कृष्णवर्णीयांना, त्यांत स्वतंत्र नागरिकही होते, पकडून दक्षिणेत गुलामीत नेले. ब्रायन कुटुंब आधीच निघून गेल्याने वाचले. परतल्यावर त्याने उद्ध्वस्त शेताबद्दल सरकारकडे १,०२८ डॉलरची भरपाई मागितली आणि त्याच्या हाती पडले १५ डॉलर. युद्ध कशासाठी झाले हे या घराइतके स्पष्ट सांगणारी जागा साऱ्या फेरीत दुसरी नव्हती, तरी तिच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटे आली. दोन तासांत याहून अधिक बसवणे कठीण आहे, हे मान्य. फेरी घ्यावी असेच मी म्हणेन, पण पुन्हा गेलो तर लिटल राउंड टॉप वगळून ती वेळ ब्रायनच्या अंगणासाठी आधीच मागून घेईन.