गालिच्यावरचे रंगाचे डाग: विश्रामबागेतील एक सफाई सेवा
रंगपंचमीचा गुलाबी रंग आमच्या लोकरी गालिच्यात पार मुरला होता. सांगलीतील विश्रामबाग परिसरातील एका सफाईवाल्यांनी तो घरी येऊन काढून दिला. क्लोरीनचे ब्लीच लोकर खाते, म्हणून ते त्यांनी वापरलेच नाही. सोफ्याखालच्या कोपऱ्यावर आधी द्रावणाची चाचणी घेतली, मग डागावर तेच शिंपडून वर ओला पांढरा टॉवेल अंथरला आणि गरम इस्त्री काही सेकंदच टेकवत राहिले, तसतसा रंग टॉवेलवर उतरत गेला. शेजारचा हळदीचा डाग मात्र त्यांच्या साबणाने लालभडक झाला. हळदीला अल्कली लागली की असे होणारच, आणि निदान सांगलीत तरी हे कोणाला सांगावे लागू नये! तो डाग पुढे उन्हाने फिकटला. दर वाजवी आहे. वेळ पाळण्याच्या बाबतीत सगळा आनंदीआनंद.