घरी बनवलेला हायड्रॉलिक ट्यूब बेंडर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या यावल तालुक्यात केळीचे घड बागेतून बांधावर आणण्यासाठी नळीच्या चौकटीच्या हातगाड्या लागतात आणि त्या चौकटींना प्रत्येकी चार तरी बाक असतात. ही कामे मी घराच्या पडवीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये करतो. पूर्वी नळीत वाळू ठासून, गॅसने तापवून बाक काढत असे. त्यात वेळ जायचा आणि एक बाक दुसऱ्यासारखा कधीच यायचा नाही. बाजारात मिळणारे तयार हायड्रॉलिक बेंडर, म्हणजे तेलाच्या दाबावर नळी वाकवणारी यंत्रे, मी पाहिले होते, पण त्यांच्या डाय (ज्या साच्याच्या खाचेत नळी बसवून वाकवतात तो) जाड पाइपाच्या मापाच्या असतात आणि त्यावर 2 मिलिमीटर जाडीची नळी वाकवली की आतल्या बाजूला ती दबून मोडते. म्हणून दिवाळीनंतर मी स्वतःच बेंडर बनवला.

रचना साधी आहे. 12 मिलिमीटरच्या दोन लोखंडी प्लेटा, त्यांच्या मध्ये फिरणारी गोल डाय, 25 मिलिमीटर जाडीची मुख्य पिन, नळीला बाहेरून आधार देणारा फॉलोअर आणि डायचा दांडा ढकलणारा 8 टनी बॉटल जॅक. जॅक परत मागे यावा म्हणून मोटरसायकलच्या मधल्या स्टँडच्या दोन स्प्रिंगा लावल्या, त्या आजही उत्तम काम देतात. वीज लागत नाही, हा आमच्याकडे मोठाच फायदा आहे.

पहिली चूक मापाची झाली. डाय खाचवून घेताना मी लेथवर तोंडीच ‘एक इंची’ असे सांगितले. एक इंची पाइपाचा बाहेरचा व्यास 33.7 मिलिमीटर असतो आणि एक इंची ट्यूबचा 25.4, हा फरक मला ठाऊक असूनही मी तो स्पष्ट केला नाही आणि डाय पाइपाच्या मापाची झाली. त्या खाचेत ट्यूब सैल बसली. पहिल्याच बाकावर व्हर्निअर लावला तर एका बाजूने माप 22 मिलिमीटर भरले, म्हणजे नळी चपटी झाली होती. खाचेच्या दोन्ही भिंतींनी नळीला घट्ट धरले नाही, तर दाबाखाली ती बाजूंना पसरते. जोर कितीही सावकाश दिला तरी त्यात फरक पडत नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा कारागीर म्हणाले, “भाऊ, माप सांगू नका, नळीचा तुकडाच आणून द्या.” त्यांनी तो तुकडा खाचेत बसवून, फिरवून पाहत पाहत खाच पुरी केली. नळीच्या मध्यरेषेपासून मोजलेली त्रिज्या 100 मिलिमीटर ठेवली. त्या डायवर आजवर तीनशेच्या वर बाक काढले आहेत आणि सुरकुती पडलेले त्यांतले हाताच्या बोटांवर मोजता येतील.

दुसरी चूक छिद्रांची. दोन्ही प्लेटा वेगवेगळ्या ड्रिल केल्यामुळे पिनेची छिद्रे जेमतेम एक मिलिमीटर इकडेतिकडे झाली होती. बाक दिसायला चांगला यायचा, पण चौकट फरशीवर ठेवली की एक पाय अधांतरी राहायचा. मी पंधरा दिवस वेल्डिंगला दोष देत राहिलो. शेवटी दोन्ही प्लेटा एकावर एक टाके मारून जोडल्या, छिद्रे एकत्र मोठी केली आणि त्यांत पिनेभोवती बसणारी धातूची कडी, म्हणजे बुश, बसवले, तेव्हा चौकट जमिनीला टेकली.

जे बनवू इच्छितात त्यांना माझे आग्रहाने सांगणे आहे की जॅक घेताना टनांपेक्षा स्ट्रोककडे, म्हणजे जॅकचा दट्ट्या किती बाहेर येतो त्याकडे, लक्ष द्यावे. 25.4 मिलिमीटर व्यासाची, 2 मिलिमीटर जाडीची साधी नळी वाकवायला सुमारे 275 न्यूटन-मीटर पीळ लागतो. घर्षणासाठी तो दुप्पट धरला तरी 150 मिलिमीटरच्या दांड्यावर अर्ध्या टनापेक्षाही कमी जोर पुरतो. मी मात्र भीतीपोटी दांडा 300 मिलिमीटर ठेवला होता. माझ्या जॅकचा स्ट्रोक 125 मिलिमीटरचा, त्यामुळे एका वेळी जेमतेम 24 अंश मिळायचे आणि काटकोनासाठी चार वेळा पिन बदलावी लागायची. दांड्याला 150 मिलिमीटरवर नवे छिद्र पाडल्यापासून तेच काम दोन वेळांत होते.

नळी दाब काढल्यावर थोडी मागे उलगडते. माझ्याकडे 90 अंशांचा बाक हवा असेल तर 93 अंशांपर्यंत जावे लागते, आणि नळीचा लॉट बदलला की हा आकडा एखाद्या अंशाने बदलतो. म्हणून नव्या लॉटचा एक तुकडा आधी वाकवून पाहतो. नळीची वेल्डिंगची शिवण बाकाच्या बाहेरच्या किंवा आतल्या अंगाला न ठेवता वरच्या किंवा खालच्या बाजूला ठेवावी, कारण तिथे ताण सर्वांत कमी असतो. काटकोनाच्या एका बाकात 157 मिलिमीटर नळी जाते. खुणा करताना हा हिशोब धरला तर तुकडा वाया जात नाही.

जॅकने मात्र एकदा दगा दिला, आणि त्याला कारण मीच होतो. आडव्या जॅकचा पंप खालच्या अंगाला असावा लागतो, नाहीतर तेलाऐवजी हवा ओढली जाते. माझा पंप वर आला होता. दाब येईना म्हणून मी हाताशी असलेले ब्रेक ऑइल आत भरले. आठवड्याभरात रबरी सील फुगले आणि तेल झिरपू लागले. नवे सील घातले, जॅक धुऊन हायड्रॉलिक ऑइल भरले, पंप खाली घेतला. त्यानंतर एप्रिल-मेच्या कडक उन्हातही त्याने कुरबूर केली नाही. फॉलोअरला दर पाच-सहा बाकांनंतर ग्रीस द्यावे लागते, नाहीतर नळीवर ओरखडे उठतात.

सध्या दीड इंची ट्यूबसाठी दुसरी डाय करायची आहे. नळीचा तुकडा कापून पिशवीत ठेवला आहे. कापणीच्या कामातून सवड मिळाली की तो घेऊन जळगावला लेथवर जाईन.