लंगडणारं मूल: साधी सूज की सांध्यात पू?

काल संध्याकाळी उड्या मारणारं पोर आज पाय टेकवेना, की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो मुरगळला असेल, दुसरा म्हणतो आत्ता दवाखाना गाठा. दुखणं खुब्यात असेल तर मी दुसऱ्याच्या बाजूने.

ट्रान्झिएंट सायनोव्हायटिस ही बहुधा 3 ते 8 वर्षांच्या मुलांत, पुष्कळदा सर्दी-खोकल्यामागून येणारी खुब्याच्या सांध्याची साधी सूज. मूल लंगडतं, पण खेळणं सोडत नाही. ताप नसतो, फार तर कणकण. विश्रांती आणि आयबुप्रोफेनवर आठ-पंधरा दिवसांत उतरते.

सेप्टिक आर्थ्रायटिसचं, म्हणजे जंतूंमुळे सांध्यात पू झालेलं, मूल मात्र पाय किंचित दुमडून, बाहेर टाकून पडून राहतं. पांघरूण ओढताना पाय हलला तरी किंचाळतं. आत पुवाने कूर्चा झिजत असते आणि दाबामुळे मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. तान्ह्या बाळाला तर ताप येईलच असं नाही. लंगोट बदलताना एकच पाय न हलणं, एवढीच खूण. मोठं मूल खुबा बिघडला तरी गुडघ्यावर बोट ठेवतं, हे एक वेगळंच.

1999 साली डॉक्टर कोकर आणि सहकाऱ्यांनी खुब्यातला पू ओळखायला चार निकष मांडले: 38.5 अंश सेल्सिअसच्या वर ताप, पायावर भार न घेणं, ईएसआर (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) 40 च्या वर, रक्तातल्या पांढऱ्या पेशी 12,000 च्या वर. चारही जुळले तर पू जवळपास नक्की. सीआरपी, ही सूज दाखवणारी आणखी एक रक्ततपासणी, लिटरला 20 मिलिग्रॅमच्या पुढे असेल तर संशय आणखी वाढतो. पण वर्ष-दोन वर्षांच्या मुलांतला किंगेला जंतू इतका गुपचूप येतो, की निकष जुळत नाहीत आणि कल्चरही (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणं) कोरं येतं; जंतूचा डीएनए शोधणाऱ्या पीसीआर तपासणीत तो सापडतो.

एक्स-रे सुरुवातीला बहुधा साफ. सोनोग्राफीत पाणी दिसतं, पण ते पाणी की पू, हे सुईच सांगते. सुईला घाबरून दोन दिवस काढण्यापेक्षा भूल देऊन पाणी काढलेलं बरं. जमेल तेव्हा अँटिबायोटिक त्यानंतरच, नाहीतर जंतू हाती लागत नाही. मूल अत्यवस्थ असेल तर मात्र थांबू नये.

पू निघाला, तर गुडघा सुईने रिकामा करून भागू शकतं. खुबा बहुतेक सर्जन उघडून धुतात. औषध पूर्वी महिनाभर चाले. 2009 च्या फिनलंडमधल्या अभ्यासात 3 महिन्यांवरच्या मुलांना, सुधारणा होऊन सीआरपी उतरला असेल तर, 10 दिवस पुरले. त्यातही शिरेतून फक्त पहिले 2 ते 4.