‘स्टोरेज नोड’च्या नावाखाली झालेली फसवणूक

डिचोलीला राहणाऱ्या माझ्या काकांनी शाळेतून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशांतील मोठा भाग फोंड्याच्या एका एजंटाकडे ‘स्टोरेज नोड’चा, म्हणजे फायली साठवणाऱ्या सर्व्हरचा, हिस्सा म्हणून भरला. जगभरातील फायली विकेंद्रित पद्धतीने साठवणाऱ्या फाइलकॉइन या ब्लॉकचेन (अनेक संगणकांवर राहणारी सामायिक नोंदवही) नेटवर्कवर आपले सर्व्हर चालतात आणि त्याबद्दल मिळणारी टोकन, म्हणजे त्या नेटवर्कचे डिजिटल चलन, हिस्सेदारांना रोज वाटली जातात, असे त्यांना सांगण्यात आले होते. अ‍ॅपवरचा आकडा रोज वाढत होता. सुरुवातीला थोडी रक्कम बँकेत जमाही झाली, आणि त्या भरवशावर त्यांनी काकूंच्या नावानेही पैसे भरले. मोठी रक्कम काढायची वेळ आली तेव्हा आधी ‘अनलॉक शुल्क’ आणि मग 30 टक्के ‘कर’ मागण्यात आला.

फाइलकॉइन हे ऑक्टोबर 2020 पासून चालू असलेले खरे नेटवर्क आहे. या लोकांनी केवळ त्याचे नाव वापरले. तिथे साठवणूक पुरवणाऱ्याला आधी टोकन तारण ठेवावी लागतात, आणि 32 किंवा 64 गिबिबाइटच्या सेक्टरमधील (साठवणुकीच्या ठरावीक आकाराच्या भागातील) माहिती अजून आपल्या डिस्कवर असल्याचा पुरावा दर 24 तासांत ब्लॉकचेनवर नोंदवावा लागतो. पुरावा चुकल्यास दंड बसतो. पुरवठादाराला नेटवर्ककडून मिळणाऱ्या ब्लॉकच्या बक्षिसापैकी 75 टक्के टोकन 180 दिवसांत हळूहळू मोकळी होतात, म्हणून रोज ठरावीक परताव्याची हमी देणाऱ्यावर तिथेच संशय घ्यावा. प्रत्येक पुरवठादाराला मायनर आयडी, म्हणजे नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, असतो. त्यावरून त्याचा साठा, तारण आणि चुकलेले पुरावे कोणालाही एक्सप्लोररवर (ब्लॉकचेनच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) फुकट पाहता येतात. मी एजंटाकडे तो मागितला तेव्हा “भाऊ, ते गोपनीय असते,” असे उत्तर मिळाले. जी नोंद मुळातच सर्वांसाठी खुली असते, ती गोपनीय कशी असेल?

कराचेही तसेच. अशा टोकनसारख्या आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर 1 एप्रिल 2022 पासून 30 टक्के कर आहे खरा, परंतु तो आपण आपल्या विवरणपत्रातून सरकारकडे भरतो, एजंटाच्या यूपीआय खात्यावर नव्हे. काकांना हे कोणी वेळेवर सांगितले असते, तर निदान कराच्या नावाने भरलेली ती शेवटची रक्कम वाचली असती, याचे मला फार वाईट वाटते.

आम्ही 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आणि रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे. ज्यांनी अशाच योजनेत पैसे भरले असतील त्यांनी अ‍ॅपचे स्क्रीनशॉट, व्यवहाराचे यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो संदर्भ क्रमांक) आणि एजंटाचे संदेश आजच जपून ठेवावेत, कारण काकांचे अ‍ॅप आता उघडतच नाही.